‘ट्रॅन्झिशन’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग
(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील सभा आटोपून चहा चालला असता एका शिक्षिकाबाईंनी मजजवळ एक छापील तक्ता आणला आणि त्यातील एका रकान्यावर बोट ठेवून विचारले, “गुरुजी, या ‘ट्रॅन्झिशन’चे मराठीत नेमके काय करावयाचे?” जवळ उभ्या असलेल्यांपैकी एकाने ‘बदल’ असा अर्थ सांगितला. दुसऱ्याने ‘वरच्या वर्गात जाणे’ असा सांगितला. तिसरे गृहस्थ, ज्यांना नुकताच दूरच्या गावी जाण्याचा हुकूम मिळाला होता, ते म्हणाले, “अहो, बदली!” सर्वजण हसले आणि प्रश्न तसाच राहिला. अध्यक्षांनी या महिन्यात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा तोच प्रश्न मी विषय म्हणून घेतला. एका शब्दावर तासभर काय बोलणार, असे काहींच्या मनात येईल. परंतु हा शब्द नीट न समजल्यामुळे माझ्या हातून पूर्वी एक चूक घडली आहे. ती सांगावयाची म्हणूनच मी हा विषय निवडला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. हा शब्द इंग्रजीत लॅटिन भाषेतून आला. त्यातील ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे आणि ‘ईरे’ म्हणजे जाणे. दोन्ही मिळून ‘पलीकडे जाणे’. संस्कृत जाणणारांस हे अवयव अगदी परके वाटणार नाहीत. संस्कृतात ‘इ’ हा धातू आहे, त्याचे ‘एति’ म्हणजे ‘जातो’ असे रूप होते. तो आणि लॅटिन ‘ईरे’ ही एकाच मूळ घराण्यातील भावंडे होत. ‘ट्रान्स’चे नाते भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘तॄ’ धातूशी जोडतात. या ‘तॄ’ धातूचा गोतावळा मराठीत केवढा आहे पाहा : तरणे, तारणे, तारू, अवतार, तीर्थ. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा. नदीकाठच्या गावातील वृद्ध मनुष्य वाटसरूस ‘उताराने जा’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात डोंगराचा उतार नसतो. जेथे पाणी कमी आहे आणि पाय टेकतो अशी जागा असते. एस.टी.तील उतारूदेखील याच कुळातला.

याच धातूपासून झालेला आणखी एक शब्द आपण वर्षानुवर्षे प्रगतिपुस्तकावर लिहीत आलो आहो. तो म्हणजे ‘उत्तीर्ण’. उत्तीर्ण म्हणजे पार झालेला, पैलतीरी लागलेला. येथे व्याकरणाचा एक बारकावा ध्यानात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ‘उत्तीर्ण’ हे ‘क्त’ प्रत्यय लागून झालेले रूप आहे. ते क्रिया संपल्याचे सांगते. ‘ट्रॅन्झिशन’ हे क्रियेचे नाव आहे. पाण्यात पाय टाकल्यापासून पलीकडच्या वाळूवर पाय ठेवीपर्यंत जे चालते, त्याचे ते नाव. मुलगा पोहोचला की नाही, हे त्या शब्दात सांगितलेले नसते.

याच घराण्यातील दोन-तीन इंग्रजी शब्द आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत. ‘ट्रान्स्फर’ यात ‘ट्रान्स’ला ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे हा धातू जोडला आहे. संस्कृतातील ‘भृ’ त्याचा आप्त होय. ट्रान्स्फर म्हणजे पलीकडे नेऊन ठेवणे. शिक्षकाची बदली होते तेव्हा त्याला दुसरा कोणी उचलून नेत असतो, हे आपणांस सांगावयास नकोच. ‘ट्रान्स्लेट’ हाही शब्द ‘फेर्रे’च्याच भूतकाळी रूपापासून आला, भाषांतरकार अर्थ वाहून नेतो. आणि इंग्रजी व्याकरणात सकर्मक क्रियापदाला ‘ट्रॅन्झिटिव्ह’ म्हणतात, कारण तेथे कर्त्याची क्रिया ओलांडून कर्मापर्यंत जाते. म्हणून तिसऱ्या गृहस्थांचे ‘बदली’ हे उत्तर विनोदाने दिलेले असले तरी त्यात एक खरा भेद सापडतो. ट्रान्स्फरमध्ये नेणारा दुसरा असतो. ट्रॅन्झिशनमध्ये जाणारा स्वतःच जातो. त्याला हात देणारा कोणी असेल, किंवा नसेल.

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळू. ‘बदल’ हा शब्द सोपा आहे, परंतु तो परिणाम सांगतो, वाट सांगत नाही. शाळेच्या भिंतीचा रंग बदलला; यात कालचा पिवळा आणि आजचा निळा एवढेच आहे. ‘परिवर्तन’ मोठा शब्द. समाज, विचार, हृदय यांसाठी तो योजावा. ‘रूपांतर’ म्हणजे रूप पालटणे. सुरवंटाचे फुलपाखरू होते तेथे तो शोभतो. ‘स्थित्यंतर’ म्हणजे दुसरी स्थिती प्राप्त होणे. एखाद्या गावात धरणाचे पाणी आले, जिराईत शेती बागायती झाली, तर गावात स्थित्यंतर झाले असे म्हणावे. इतिहासाच्या लेखनात हा शब्द उत्तम चालतो. ‘संक्रमण’ मात्र वेगळा आहे. त्यात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे हा धातू आहे. एका ठिकाणचे पाऊल उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकावयाचे, आणि त्यामध्ये एक पाय अधांतरी असावयाचा, ही कल्पना ज्या शब्दात जिवंत आहे तो ‘संक्रमण’. म्हणून ‘ट्रॅन्झिशन’ला शास्त्रीय व शालेय लेखनात ‘संक्रमण’ हा शब्द सर्वांत जवळचा, आणि ‘पीरिअड ऑफ ट्रॅन्झिशन’ला ‘संक्रमणकाल’. हिंदीत संक्रमण हा शब्द रोगाच्या संसर्गासाठी योजतात, आणि २०२० सालच्या साथीत मराठी वर्तमानपत्रांतही तो त्या अर्थाने शिरला. तो अर्थ अगदी चुकीचा नव्हे, रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जातोच. परंतु वर्गात शब्द सांगताना दोन्ही अर्थ वेगळे करून दाखवावे, नाहीतर मूल घोटाळ्यात पडते.

संक्रमणाचे सख्खे भावंड म्हणजे संक्रांत. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. म्हणजे वर्षाला संक्रांती बारा. मकरसंक्रांतीला तिळगूळ मिळतो म्हणून तेवढीच आपल्या लक्षात राहते. ज्योतिषाच्या दृष्टीने सूर्याचा राशिप्रवेश हा एका क्षणाचा व्यवहार होय. ट्रॅन्झिशनला असा एकच क्षण नसतो, त्याला लांबी असते. दिवस आणि रात्र यांच्यामधल्या वेळेला आपण संधिकाल म्हणतो, ती उपमा येथे अधिक जुळते. दिवा लावावा की नाही असा संभ्रम पडतो, गुरे परत येत असतात, अक्षर पुरते दिसत नाही आणि अगदीच दिसत नाही असेही नाही. त्या वेळेला दिवसाचे नियम लागू पडत नाहीत आणि रात्रीचेही नाहीत.

उपयोगाविषयी एकच नियम सांगतो. इंग्रजीत या नामाबरोबर बहुधा ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ ही दोन शब्दयोगी येतात : कोठून आणि कोठे. दोन्ही काठ सांगितल्यावाचून ट्रॅन्झिशन म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून मराठीत लिहितानाही ‘संक्रमण झाले’ एवढ्यावर थांबू नये. ‘बालवाडीतून पहिलीत’, ‘बोलीतून प्रमाणभाषेत’ असे दोन्ही काठ लिहावेत. एखादा देश किंवा समाज ‘इन ट्रॅन्झिशन’ आहे असे म्हटले, तर तो मधल्या पाण्यात आहे असे समजावे. अलीकडे इंग्रजीत याच शब्दाचा क्रियापदासारखाही उपयोग पुष्कळ होऊ लागला आहे. त्यास अडविण्याचे आपणांस कारण नाही.

वर्गात या शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसावा असे वाटत असेल तर बर्फाचा प्रयोग करावा. बर्फ हल्ली खेड्यातही मिळतो आणि प्रयोगशाळेचा तापमापक पुष्कळ शाळांच्या विज्ञानपेटीत असतो. बर्फाचा चुरा भांड्यात घालून मंद आच द्यावी, सारखे ढवळावे आणि पारा मुलांकडून वाचवून घ्यावा. पारा शून्य अंशाजवळ येतो आणि तेथेच थांबतो. आच चालू असते, मिनिटे जातात, तरी पारा हलत नाही. मुले म्हणू लागतात, “गुरुजी, थर्मामीटर बिघडला.” तो बिघडलेला नसतो. सगळी उष्णता बर्फाचे पाणी करण्यात खर्च होत असते. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि त्या अवधीत तापमान वाढत नाही. तेवढीच उष्णता पाण्यास दिली असती तर ते शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. अखेरचा कण वितळला की पारा पुन्हा चढू लागतो. विज्ञानात याला ‘फेज ट्रॅन्झिशन’ म्हणजे अवस्थांतर म्हणतात. ज्यांनी पहिलीच्या वर्गावर जून ते दिवाळी शिकविले आहे, त्यांना तो न हलणारा पारा कसा असतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण गणिताच्या तासाला कामी येईल. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. नव्या पद्धतीत रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. सरकारने जुनी नाणी एका दिवसात बंद केली नाहीत. काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात बरोबरीने चालली. त्या काळात आण्याचे नव्या पैशात रूपांतर कसे करावयाचे याचे कोष्टक असे. हिशेबाने आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. परंतु पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे जवळचा पूर्णांक धरीत. एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. आता मुलांना असे विचारावे : एक आण्याची वस्तू चार दिवस रोज एक अशी घेतली आणि नव्या पैशात दाम दिले, तर किती द्यावे लागतील? चोवीस. त्याच चार वस्तू एकदम घेतल्या तर? पंचवीस. तीन आण्यांच्या वस्तूला मात्र पाव पैसा जास्तच पडे. कधी गिऱ्हाईकाचा एक पैसा जाई, कधी दुकानदाराचा. जुन्या हिशेबात तो हरवत नव्हता आणि नव्यातही हरवत नाही. तो फक्त मधल्या काळातच हरवे. ‘नये’ हे विशेषण १ जून १९६४ पासून गेले, पण ‘चार आणे’ व ‘आठ आणे’ ही नावे पंचवीस व पन्नास पैशांच्या नाण्यांना चिकटून राहिली. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर व्यवहारातून गेले, तरी गावातला मनुष्य आजही ‘सोळा आणे खरे’ असेच म्हणतो. माणसे नव्या काठावर पोहोचतात आणि भाषा बराच वेळ पाण्यातच उभी असते.

कायदे करणारांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. आपल्या संविधानाच्या एकविसाव्या भागाच्या इंग्रजी शीर्षकात ‘ट्रॅन्झिशनल’ हे विशेषण मुद्दाम घातलेले आहे. त्याच भागातील अनुच्छेद ३७२ असे सांगतो की, पूर्वीपासून अमलात असलेले कायदे सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत किंवा रद्द करीपर्यंत चालू राहतील. २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी न्यायाधीश कोणता कायदा चालवणार, या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले होते.

भाषेच्या शिक्षकांसाठी आणखी एक उपयोग सांगतो. इंग्रजी निबंधलेखनात एका विचारातून दुसऱ्या विचारात नेणाऱ्या शब्दांनाही ‘ट्रॅन्झिशन’ म्हणतात. आपण त्यांना उभयान्वयी अव्यये म्हणून शिकवितो : परंतु, म्हणून, तथापि, शिवाय. तिसरी-चौथीच्या मुलाला ‘माझी सहल’ लिहावयास सांगा. “मग आम्ही गाडीत बसलो. मग गाडी सुरू झाली. मग आम्ही जेवलो. मग आम्ही किल्ला पाहिला.” आपण ते ‘मग’ लाल शाईने खोडतो आणि त्याजागी ‘नंतर’, ‘त्यानंतर’ लिहितो. यात लाभ थोडा. दगड बदलला, रचना तीच राहिली. मराठीत पाऊल पुढे टाकण्याचे खरे साधन क्रियापदातच आहे, ते म्हणजे ‘ऊन’ प्रत्यय. “शिदोरी सोडून, झाडाखाली बसून, पोटभर जेवून आम्ही किल्ला चढू लागलो.” येथे एकही ‘मग’ नाही, आणि एक क्रिया दुसरीला हात देऊन पुढे नेते. मुलांच्या तोंडी हे रूप जन्मापासून असते. “जेवून जा,” असे आई म्हणतेच. ते फक्त वहीत आणावयाचे आहे.

तोंडातली भाषा वहीत आणणे हेही एक संक्रमणच आहे, आणि प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या संक्रमणांत ते अवघड. मूल घरून ‘पानी’ घेऊन येते आणि पुस्तकात त्याला ‘पाणी’ भेटते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलाला निदान काठ दिसत असतो. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. कोरकू ही आग्नेयदेशीय कुळातील भाषा, गोंडी द्राविड कुळातील. त्या मुलाला पलीकडचा काठ मुळी दिसतच नाही. संविधानातील अनुच्छेद ३५० क, जो १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकविण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न व्हावा असे सांगतो. ती सोय प्रत्येक पाड्यावर नाही, हे आपण जाणतोच. परंतु नाण्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. निदान पहिले वर्ष-दीड वर्ष दोन्ही नाणी वर्गात चालू द्यावीत. मूल आपल्या भाषेत उत्तर देईल तर ते उत्तर म्हणून घ्यावे, मग पुस्तकातला शब्द शेजारी मांडावा. ज्याचे नाणे पहिल्याच दिवशी खोटे ठरविले, तो बाजारात येईनासा होतो.

आता बाईंच्या तक्त्यातील रकान्याकडे वळतो. शिक्षणाच्या आकडेवारीत ‘ट्रॅन्झिशन रेट’ म्हणजे संक्रमणाचा दर ही एक ठरलेली संज्ञा आहे. खालच्या टप्प्याच्या शेवटच्या वर्गात गेल्या वर्षी जितकी मुले होती, त्यांच्याशी यंदा वरच्या टप्प्याच्या पहिल्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलांचे शेकडा प्रमाण, असा तिचा अर्थ. त्याच वर्गात पुन्हा बसलेली मुले त्यात धरीत नाहीत. गेल्या वर्षी २० मुले होती आणि यंदा वरच्या वर्गात १७ नवी दाखल झाली, तर दर शेकडा ८५. हिशेब सोपा आहे. परंतु हिशेबातील दुसरी संख्या आपल्या शाळेच्या पटावर नसते. ती दुसऱ्या शाळेच्या पटावर असते. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे धरले असले, तरी आपल्याकडील पुष्कळ खेड्यांत शाळा चौथीपर्यंतच आहे, आणि पाचवीला ओढा ओलांडावा लागतो. तेथे ट्रॅन्झिशन हा शब्द अक्षरशः खरा होतो.

माझी चूक येथेच झाली. काही वर्षांपूर्वी मी अशाच चौथीपर्यंतच्या एका शाळेवर होतो. त्या वर्षी चौथीत अकरा मुले होती. निकाल लागला, अकराही मुले उत्तीर्ण झाली, अकरा पालकांनी शाळा सोडल्याचे दाखले नेले. मी सामान्य नोंदवहीत अकरा नोंदी नीट केल्या. पुढे एक तक्ता आला, त्यात हाच इंग्रजी शब्द होता. मी मनात ‘वरच्या वर्गात जाणे’ असा अर्थ केला आणि लिहिले : अकरापैकी अकरा, शेकडा शंभर. त्या तक्त्याबद्दल माझी प्रशंसाही झाली.

श्रावणातल्या एका आठवडी बाजारी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायांच्या ओळीत मला आमच्या अकरांपैकी एक मुलगी दिसली. मांडीवर धाकटा भाऊ होता. मला पाहून ती उभी राहिली. मी सहज विचारले, “काय ग, आज पाचवीला सुट्टी काय?” ती म्हणाली, “मी जात न्हाई, गुरुजी.” “आणि दाखला नेला होता ना?” “दाखला हाय की. आईनं पत्र्याच्या पेटीत ठिवलाय.”

तिने ते अशा समाधानाने सांगितले की मला पुढे बोलवेना. दाखला खरोखरच जपून ठेवलेला होता. पलीकडच्या शाळेत बरोबर जाणाऱ्या दोन मोठ्या मुलींनी त्या वर्षी शाळा सोडली होती. जूनमध्ये ओढ्याला पाणी आले, एकटी कशी पाठवावी म्हणून बापाने पाणी ओसरेपर्यंत थांबावयाचे ठरविले. आणि पाणी ओसरेपर्यंत भाऊ सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले. कोणी शाळेला विरोध केला नव्हता. माझ्या पटावरून तिचे नाव मे महिन्यात कमी झाले होते आणि दुसऱ्या कोणत्याही पटावर ते चढले नव्हते. ते तीन महिने ती कोणाचीच विद्यार्थिनी नव्हती, आणि माझ्या तक्त्यात मात्र ती पाचवीत होती.

आपल्या भाषेतील ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हे नाव किती अचूक आहे, ते मला त्या दिवशी कळले. त्यात सोडलेला काठ तेवढा लिहिलेला असतो. कायदा याहून पुढे गेलेला आहे, हे मला ठाऊक असावयास हवे होते. २००९ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात असे आहे की, पुढील शिक्षणासाठी मूल दुसऱ्या शाळेत जाऊ लागले तर मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा. आणि दाखला येण्यास विलंब झाला एवढ्यावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवू नये किंवा नाकारू नये. पंधराव्या कलमाप्रमाणे वर्ष सुरू होऊन गेले म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे मधल्या पाण्यात मूल अडकू नये यासाठी दोन्ही काठांवर दोर बांधलेला आहे. दोर धरून मुलाबरोबर चार पावले चालावे कोणी, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही. माझ्या मते ते काम खालच्या वर्गाच्या शिक्षकाचे. वरच्या शाळेतील शिक्षकाला ते मूल अजून माहीतच नसते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. बाप शेतावर होता, त्याला बोलावून आणले. बोलणे फार झाले नाही. त्याने एवढेच विचारले की, परत येताना ओढ्यापर्यंत तिच्यासोबत कोण असेल. त्याच वस्तीवरचा सहावीतील एक मुलगा आणि त्याची बहीण यांची सोबत ठरली, पेटीतून दाखला निघाला, आणि आम्ही तिघे पलीकडच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी नाव घातले. मग मी उरलेल्या दहा मुलांचा शोध घेतला. आठ पाचवीच्या पटावर होती. एक मुलगा दुसऱ्या तालुक्यात मामाकडे होता, तो तेथे शाळेत जात असल्याचे पत्राने कळले. अकराव्या मुलाचे घर बंद होते. कुटुंब वीटभट्टीच्या कामावर गेले असे शेजाऱ्यांनी सांगितले. कोणत्या गावी, हे त्यांना सांगता आले नाही.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवीत आलो. डावीकडे मुलाचे नाव आणि दाखला दिल्याची तारीख, उजवीकडे नव्या शाळेचे नाव आणि तेथे नाव चढल्याची तारीख. उजवीकडची तारीख मी पालकाच्या तोंडून ऐकून लिहीत नाही; त्या शाळेत जाऊन पट पाहून लिहितो, ते न जमल्यास तेथील शिक्षकांकडून चिठ्ठी मागवितो. दोन तारखांच्या मध्ये मी मुद्दाम रुंद जागा सोडलेली आहे. मुलाला सोबत कोणाची, वाटेत पाणी आहे काय, घरी लहान भावंड आहे काय, कुटुंब कामाला बाहेर जाते काय, असे जे कळेल ते तेथे टिपतो. शक्य असेल तेव्हा एप्रिलमध्येच चौथीच्या सर्व मुलांना एक दिवस पलीकडच्या शाळेत नेऊन आणतो. तेथील पाचवीच्या वर्गात बसवितो, पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह दाखवितो. जूनमध्ये ती अनोळखी जागा राहत नाही.

तेव्हा बाई, आपल्या तक्त्यातील त्या रकान्याचे मराठी ‘चौथीतून पाचवीत संक्रमण’ असे करावे, आणि संख्या लिहावयाची ती दुसऱ्या शाळेच्या पटावर पाहिलेल्या नावांची. दिलेल्या दाखल्यांची लिहू नये. ती वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना नमुना उतरून घ्यावयाचा असेल त्यांनी सभेनंतर घ्यावा. पहिल्या पानावर त्याच वर्षीची अकरा नावे आहेत. दहा नावांपुढे उजवीकडे तारखा आहेत. अकराव्या नावापुढची जागा अद्याप कोरी आहे.